‘अलेज्ड’ म्हणजे शाबीत झालेलं की खोटं?

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या मागच्या कमिटीत माझे वडील खजिनदार होते. नव्या कमिटीने त्यांना इंग्रजीत पत्र पाठवलंय. त्यात ‘अलेज्ड मिसअ‍ॅप्रोप्रिएशन ऑफ सिंकिंग फंड’ असे शब्द आहेत (सिंकिंग फंड म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी). काका म्हणतात, ‘अलेज्ड’ लिहिलं म्हणजे आरोप नक्की झाला. माझी मैत्रीण म्हणते, ‘अलेज्ड’ म्हणजे नुसता खोटा आळ. वडिलांनी तेव्हापासून खाली उतरणंच सोडलंय. या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून आणि मराठीत उत्तर देताना काय लिहावं?

उत्तर : काका आणि मैत्रीण, दोघांचंही म्हणणं बरोबर नाही. ‘अलेज्ड’चा अर्थ एवढाच, की अमुक गोष्ट घडली असं कुणीतरी ठासून म्हटलंय आणि ती अजून शाबीत झालेली नाही. ती खरी की खोटी, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. वडिलांना हे आज रात्रीच सांगा. मी ठाण्याच्या कोर्टात दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कामं पाहते. छापील लेटरहेडवरचा एखादा इंग्रजी शब्द वाचून सरळमार्गी माणसं कशी हाय खातात, हे मला नेहमी दिसतं. खरं तर पत्रात त्या शब्दापेक्षा त्याच्या पुढचा शब्द, ‘मिसअ‍ॅप्रोप्रिएशन’ म्हणजे अपहार, जास्त जड आहे. त्याबद्दल खाली लिहिते.

आधी मूळ सांगते, कारण तुम्ही ते विचारलंय आणि उत्तर लिहिताना त्याचा उपयोगही आहे.

‘अलेज’ हे क्रियापद इंग्रजीत साधारण १३०० च्या सुमारास आलं, तेही कोर्टाच्या फ्रेंचमधून. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं तिथल्या न्यायालयांचा कारभार फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चालला. पक्षकार इंग्रजी बोलणारा, युक्तिवाद फ्रेंचमध्ये आणि नोंद लॅटिनमध्ये. १३६२ साली कायदा करून युक्तिवाद इंग्रजीत करायला सांगावं लागलं, कारण आपल्याबद्दल कोर्टात काय बोललं जातंय हे लोकांना कळत नव्हतं. आपल्याकडे १९९८ साली जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तरी सोसायटीची नोटीस अजून इंग्रजीतच येते आणि घरातले चार जण तिचे चार अर्थ लावतात. तुमच्या घरी तेच झालंय.

तर शब्द. लॅटिनमध्ये ‘लिस’ म्हणजे वाद, खटला आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं, चालवणं. दोन्ही मिळून ‘लिटिगारे’, खटला चालवणं. आम्ही वकील रोज ‘लिटिगेशन’ म्हणतो ते यातूनच आलं. त्याच्या आधी ‘बाहेर’ या अर्थाचा ‘एक्स’ लागला, जुन्या फ्रेंचमध्ये तो सगळा शब्द झिजला आणि त्याचा अर्थ झाला खटल्यातून मोकळं करणं, निर्दोष ठरवणं. ‘अलेज’ या क्रियापदाचं रूप तिथून आलेलं आहे. ज्या शब्दाने वडिलांची झोप उडालीय, तो मुळात माणसाला सोडवणारा होता.

अर्थ मात्र दुसऱ्या एका लॅटिन शब्दाने दिला. ‘लेगारे’ म्हणजे अधिकार देऊन माणूस पाठवणं, नेमणं. त्यावरून ‘अल्लेगारे’, म्हणजे आपल्या वतीने कुणाला तरी पाठवणं, आणि पुढे त्याचाच अर्थ आपल्या बाजूने एखादा दाखला किंवा पुरावा पुढे करणं. ‘अ‍ॅलिगेशन’ हे नाम सरळ या घराण्यातलं. याच्या मुळाशी ‘लेक्स’, म्हणजे कायदा, असल्यामुळे ‘लीगल’, ‘डेलिगेट’, ‘लेगसी’ ही सगळी त्याची भावंडं. ‘अ‍ॅलिगरी’ आणि ‘अ‍ॅलिजन्स’ कानाला सारखे लागतात, पण त्यांचं याच्याशी नातं नाही. तर खटल्यातून सोडवणारा तो जुना फ्रेंच शब्द आणि हा ‘अल्लेगारे’, हे दोन उच्चारात जवळ आले आणि इंग्रजीत एक होऊन गेले. रूप एकाचं, अर्थ दुसऱ्याचा.

त्यामुळे जुन्या इंग्रजीत ‘अलेज’ करणं म्हणजे पुराव्यानिशी मांडणं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात याचं स्वच्छ उदाहरण आहे. त्यातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल हा ख्रिस्ताचा प्रचारक थेस्सलनीका शहराच्या सभास्थानात जातो आणि लोकांपुढे शास्त्रातले दाखले काढून ख्रिस्ताविषयीचं आपलं म्हणणं मांडतो. तिथे ‘अलेजिंग’ हेच क्रियापद वापरलंय. पौल काही बिनबुडाचं बोलतोय असं भाषांतरकारांना सुचवायचं नव्हतं. उलट तो आधार दाखवून बोलतोय, असा त्यांचा भाव होता. ‘म्हटलंय खरं, पण सिद्ध नाही’ ही आजची छटा इंग्रजीत पक्की झाली ती त्याच सतराव्या शतकात.

हे उलटंपालटं कसं झालं, हे कोर्टात बसलेल्या माणसाला सहज समजतं. न्यायाधीशापुढे दोन्ही बाजू आपापलं म्हणणं तितक्याच जोराने मांडतात. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. मग निकाल लागेपर्यंत दोघांचंही म्हणणं काय असतं? फक्त मांडलेलं. लॅटिनमध्ये ‘अल्लेगाता’ आणि ‘प्रोबाता’ अशी जोडीच आहे. मांडलेलं ते अल्लेगाता, शाबीत झालेलं ते प्रोबाता. न्यायाधीशाने दोन्ही पाहून निकाल द्यायचा. मांडलेलं नसेल तर पुरावा कितीही आणला तरी तो फुकट, आणि मांडलं पण पुरावा नाही, तर ते हवेत. मांडण्याचा शब्द पुराव्याच्या शब्दासमोर इतका काळ उभा राहिला, की शेवटी त्याचा अर्थच ‘अजून शाबीत न झालेलं’ असा बनला.

आणि भार कुणावर? पॉलस या रोमन कायदेपंडिताचं एक वाक्य ५३३ साली सम्राट जस्टिनियनने जाहीर केलेल्या संग्रहात आहे. सांगतो त्याने पुरावा द्यावा, नाकारतो त्याने नव्हे, असं ते म्हणतं. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०१ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १०४ झालं. आकडा बदलला, नियम तोच.

मराठीत याच्याशी जुळणारं काय आहे, ते पाहू. पहिल्यांदा मनात येतं ते आपलं ‘म्हणे’. ‘त्याने म्हणे फंडाची एफडी मोडली.’ बोलणारा स्वतःचा हात झटकून मोकळा होतो. कोण म्हणालं, कधी, कशावरून, काही नाही. ‘म्हणे’ आणि ‘अलेज्ड’ दोन्ही शंका ठेवतात, पण त्यांच्यात एक मोठा फरक आहे. ‘म्हणे’ला धनी नसतो. अ‍ॅलिगेशनला असावाच लागतो. कुणीतरी उभं राहून, आपल्या नावाने आणि आपल्या जबाबदारीवर ते मांडलेलं असतं, नाहीतर त्याला अ‍ॅलिगेशन म्हणताच येत नाही. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. ‘इट इज अलेज्ड दॅट’ असं लिहून जेव्हा नाव गाळलं जातं, तेव्हा इंग्रजी कपड्यातलं ‘म्हणे’ तुमच्या दारात आलेलं असतं. त्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा : हे कोण म्हणतंय?

‘आळ’ हा शब्द तुमच्या मैत्रिणीने वापरला. आळ म्हटलं की आपल्याला गणेश चतुर्थीचा चंद्र आणि स्यमंतक मणी आठवतो, आणि ही गोष्ट कायद्याच्या नजरेने वाचावी अशी आहे. कृष्णाने हा मणी राजासाठी मागितला होता, मण्याचा मालक सत्राजित याने तो दिला नव्हता. पुढे सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला तो परतलाच नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात सत्राजिताच्या तोंडी जे वाक्य आहे, त्याची सुरुवात ‘प्रायः’ या शब्दाने होते. बहुतेक कृष्णाने माझ्या भावाला मारलं असावं. त्याने पाहिलेलं काही नव्हतं, फक्त जुन्या मागणीवरून काढलेला तर्क होता. आणि पुढच्याच शब्दांत व्यासांनी सांगितलंय, की ते ऐकून लोक कानाकानांत कुजबुजू लागले. ‘प्रायः’ गळून पडला आणि आळ तेवढा गावभर झाला.

कृष्णाने काय केलं? सत्राजिताशी भांडला नाही की शपथा घेत बसला नाही. नगरातली माणसं सोबत घेतली आणि प्रसेनाच्या वाटेने निघाला. वाटेत प्रसेन आणि त्याचा घोडा मेलेले सापडले. सिंहाने मारल्याच्या खुणा होत्या. पुढे तो सिंहही मेलेला सापडला. मग अस्वलांचा राजा जांबवान याची गुहा. माणसांना बाहेर ठेवून कृष्ण आत गेला, अठ्ठावीस दिवस झुंज झाली, आणि मणी घेऊन आल्यावर त्याने सत्राजिताला राजसभेत बोलावून, मणी कसा मिळाला ते सगळ्यांसमक्ष सांगून परत दिला. साक्षीदार सोबत, पावलांचा माग, वस्तू हस्तगत आणि खुलासा भर सभेत. आज एखाद्या पक्षकाराने सल्ला विचारला तर याहून वेगळं मी काय सांगणार? तुमच्या वडिलांच्या बाबतीत पावलांचे ठसे म्हणजे बँकेची स्टेटमेंट, आणि सभा म्हणजे सोसायटीची सर्वसाधारण सभा.

‘आरोप’ या शब्दाबद्दल थोडं. संस्कृतात ‘रुह्’ म्हणजे उगवणं, चढणं. त्यावरून रोप, रोपण, आरोहण, आरूढ. आरोप म्हणजे एकावर दुसरं चढवणं, लावणं. रूपक अलंकारात मुखावर चंद्राचा आरोप करतात तेव्हा मुखाचा काही गुन्हा नसतो. वेदान्तात तर दोरीवर सापाचा आरोप हे नेहमीचं उदाहरण आहे. साप तिथे नसतो, पाहणाऱ्याने तो दोरीवर चढवलेला असतो. आरोप हा शब्द मुळात असा तटस्थ होता. रोजच्या मराठीत मात्र आरोप म्हटलं की त्यात दोष आलाच, आणि म्हणून प्रत्येक अ‍ॅलिगेशनला आरोप म्हणणं चुकतं.

दिवाणी दाव्यात हे फार ठळक दिसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या ऑर्डरच्या (ऑर्डर म्हणजे संहितेतला नियमांचा गट) पाचव्या नियमात ‘अ‍ॅलिगेशन ऑफ फॅक्ट’ असे शब्द आहेत. वादी नौपाड्यात राहतो, त्याच्या आजोबांनी खोली भाड्याने घेतली, भाडं दर महिन्याला दिलं जातं, ही तिन्ही वाक्यं कायद्याच्या भाषेत अ‍ॅलिगेशनच आहेत. त्यात कुणावर काहीही ठपका नाही. तरी भाषांतरात ‘वादीने असा आरोप केला आहे की तो नौपाड्यात राहतो’ असं वाक्य उतरलेलं मी वाचलंय. शासनाच्या परिभाषेत यासाठी ‘अभिकथन’ असा शब्द आहे. जड वाटत असेल तर नुसतं ‘कथन’ म्हणा, पक्षकारालाही कळतं. ‘आरोप’ जिथे खरोखर दोष दिलाय तिथेच ठेवावा, आणि ‘दोषारोप’ फौजदारी न्यायालय आरोपीवर जो औपचारिकपणे ठेवतं त्यासाठी. इंग्रजीत त्याला ‘चार्ज’ म्हणतात. लॅटिनमध्ये गाडीत माल भरण्याचा जो शब्द होता, त्याचा तो वंशज, म्हणजे अंगावर टाकलेला बोजा.

वर्तमानपत्रांतला ‘कथित’ हा अलेज्डसाठी रुळलेला शब्द, आणि तो ठीक आहे. फक्त तो कुठे लावायचा, याचं भान हवं. समजा, जांभळी नाक्यावर एका दुकानाचं कुलूप रात्री तोडलं आणि गल्ला रिकामा सापडला. पंचनामा झाला. सकाळी एका मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. बातमीत ‘कथित चोरी’ असं छापून येतं. चोरी कथित नाही, ती झालेलीच आहे, तुटलेलं कुलूप समोर आहे. कथित काय आहे, तर ती त्या मुलाने केली हे. आणि नेमकं त्याच बातमीत पुढे ‘चोरट्याला अटक’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. शंका ठेवायची तिथे ठेवली नाही, आणि नको तिथे ठेवली. एका तरुण मुलाच्या नावापुढे निकालाआधी ‘चोरटा’ लागतो तेव्हा त्याच्या आईला चाळीत काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मी जवळून पाहिलंय. सुटका झाल्याची बातमी बहुधा येतच नाही. ‘संशयित’ हा साधा शब्द आपल्याकडे आहे. तो वापरायला जागाही फारशी लागत नाही.

‘तथाकथित’ वेगळा. त्यात हेटाळणी आहे. ‘तथाकथित समाजसेवक’ म्हणजे नावापुरता. अलेज्डचं भाषांतर तथाकथित करू नका, आणि वडिलांच्या उत्तरात तर तो शब्द अजिबात येऊ देऊ नका. ‘तुमचा तथाकथित आरोप’ असं लिहिलं की पत्राचा सूर बिघडतो आणि पुढचं सगळं भांडण सुरावरच होतं.

आता तुमचं पत्र. ‘अलेज्ड मिसअ‍ॅप्रोप्रिएशन ऑफ सिंकिंग फंड’. इथे ‘अलेज्ड’ने तुमचं काही बिघडवलेलं नाही. बघायचं ते ‘मिसअ‍ॅप्रोप्रिएशन’कडे. त्याचं मराठी ‘अपहार’. कायद्यात अपहार म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिक हेतूने स्वतःसाठी वळवणं. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१४ मध्ये आहे, आणि विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा असेल तर कलम ३१६. हेतू अप्रामाणिक नसेल तर तो अपहार होत नाही. सोसायट्यांच्या तक्रारींत मला वारंवार वेगळंच दिसतं. पावसाळ्यात गच्ची गळायला लागते, लोक कमिटीच्या मागे लागतात, कमिटी सर्वसाधारण सभेचा ठराव न घेता सिंकिंग फंडातले पैसे वॉटरप्रूफिंगला लावते. कंत्राटदाराला चेकने पैसे जातात, काम होतं, गच्ची गळायची थांबते. हे नियम सोडून केलेलं आहे, कारण तो फंड मोठ्या आणि संरचनात्मक कामांसाठी, सभेच्या मंजुरीने वापरायचा असतो. यावर आक्षेप घेता येतो, खुलासा मागता येतो. पण खजिनदाराने एक रुपयाही घरी नेलेला नसेल तर त्याला अपहार म्हणणं हे फार मोठं विधान आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते मला माहीत नाही, तेव्हा कागद काढून तुम्हीच पाहा, पण नियमबाह्य खर्च आणि अपहार हे दोन वेगळे रकाने मनात ठेवून पाहा. नव्या कमिटीला यातला कोणता म्हणायचाय, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

‘आम्ही अलेज्ड लिहिलंय, म्हणून आमच्यावर काही येत नाही’ असं कमिटीतल्या कुणाला वाटत असेल, तर तोही गैरसमज आहे. अब्रुनुकसानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, पूर्वीच्या दंड संहितेत ते ४९९ आणि ५०० होतं. दुसऱ्याचा आरोप ‘असं म्हणतात’ म्हणून चार लोकांत पसरवणाराही त्यात सापडू शकतो. या कलमाला अपवाद आहेत. ज्याला त्या माणसावर कायदेशीर अधिकार आहे, अशा अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी ठरत नाही. आपल्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानालाही संरक्षण आहे. म्हणून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दिलेला अर्ज आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटोसकट मजकूर, या दोन गोष्टी कायद्यापुढे सारख्या नाहीत. पत्र जर ग्रुपवर फिरलं असेल तर तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा. लगेच खटला भरा असं मी म्हणत नाही. त्याच जिन्यावरून रोज उतरायचं असतं. पण पुरावा जपून ठेवायला हरकत नाही.

काका ‘नक्की झाला’ म्हणतात, त्या पायरीपर्यंत किती पायऱ्या आहेत हेही त्यांना सांगा. सहकार कायद्यात निबंधकांना कलम ८३ खाली चौकशी करता येते. चौकशीत नुकसान दिसलं तर कलम ८८ खाली जबाबदारी ठरवण्याआधी त्या व्यक्तीला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. फौजदारी बाजूला पोलिसांकडची पहिली खबर, तपास, दोषारोपपत्र, कोर्टाने ठेवलेला दोषारोप, साक्षीपुरावा आणि मग निकाल. कमिटीचं पत्र या रांगेत अजून उभंसुद्धा राहिलेलं नाही.

मैत्रिणीच्या म्हणण्याला उत्तर साक्ष अधिनियमाच्या कलम २ मध्येच आहे. तिथे तीन अवस्था सांगितल्यात : शाबीत, नाशाबीत, आणि दोन्ही नाही, म्हणजे शाबीत न झालेली. नाशाबीत म्हणजे ती गोष्ट घडलेली नाही असं कोर्टाला पटलं. शाबीत न झालेली म्हणजे पुराव्याने धड इकडे नेलं नाही, धड तिकडे. म्हणून ‘आरोप सिद्ध झाला नाही’ आणि ‘आरोप खोटा होता’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला खोटारडा म्हणू नये, यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. कित्येक खऱ्या तक्रारी कागद नसल्यामुळे पडतात, विशेषतः बायकांच्या आणि कामगारांच्या. अलेज्ड हा शब्द त्यांच्याही बाजूने तितकाच तटस्थ आहे. नव्या कमिटीलाही हिशोब विचारायचा पूर्ण हक्क आहे. विचारल्याबद्दल त्यांच्यावर राग धरू नका.

उत्तर मराठीत लिहा. मराठीत पत्रव्यवहार करायला कुणाची ना नाही. त्यात रागाचे शब्द नकोत, ‘मी तीस वर्षं इमानदारीने जगलो’ हेही नको. ते खरं असेल, पण त्याने व्हाउचर सापडत नाही. साधारण असा मजकूर पुरेल :

‘आपल्या पत्रात सिंकिंग फंडाच्या अपहाराबाबत केलेले कथन मला मान्य नाही व मी ते स्पष्टपणे नाकारतो. सदर कथन कोणी केले आहे, कोणत्या रकमेबाबत आहे, त्या रकमेची तारीख, धनादेश क्रमांक व व्हाउचर क्रमांक कोणते, तसेच ही रक्कम मी स्वतःसाठी वापरली असे समितीचे म्हणणे आहे काय, याचा लेखी तपशील मिळावा. माझ्या कार्यकाळातील दप्तर सध्या समितीच्या ताब्यात असल्याने, खुलासा देण्यासाठी मला त्या काळातील सभांची इतिवृत्ते, बँकेचे उतारे व लेखापरीक्षण अहवाल पाहण्यास मिळावेत. ते पाहिल्यानंतर मी मुद्देनिहाय खुलासा सादर करीन.’

‘स्पष्टपणे नाकारतो’ हे शब्द मुद्दाम घातलेत. दाव्यात जे कथन नेमकेपणाने नाकारलं जात नाही, ते मान्य धरलं जातं, असा मी वर सांगितलेला तो आठव्या ऑर्डरचा नियम आहे. सोसायटीचं पत्र म्हणजे दावा नव्हे, पण उद्या प्रकरण पुढे गेलंच तर पहिल्या दिवशी काय उत्तर दिलं होतं हे पाहिलं जातं. तसंच, फसवणुकीचं किंवा विश्वासभंगाचं म्हणणं मांडायचं तर तारीख आणि तपशिलासह मांडावं, असं त्याच संहितेच्या सहाव्या ऑर्डरच्या चौथ्या नियमात आहे. तुम्ही मागताय तो तपशील म्हणजे उपकार नव्हे.

पत्र सचिवांच्या नावाने द्या, दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. ऑफिसने घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. सोबत वडिलांच्या कार्यकाळातली ऑडिट झालेले ताळेबंद शोधून ठेवा. त्या वर्षी ऑडिटरने सिंकिंग फंडाबाबत काही शेरा मारला होता का, हे पहिलं बघा. मारला असेल, तर तेव्हाच्या कमिटीने त्याचं काय उत्तर दिलं होतं ते शोधा. नसेल, तर तुमच्या खुलाशाचा पहिला मुद्दा तोच.